बारीक केस जाड होतात का? आधी मोजून बघा

आमचे हे कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत लेथवर काम करतात. एका शनिवारी कारखान्यातला मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं हत्यार, चुकून त्यांच्या खिशात राहून घरी आला. मला काय सुचलं कोण जाणे, डोक्यावरचा एक केस उपटला आणि म्हटलं, "ह्याची जाडी सांगा बघू." त्यांनी त्याचं रॅचेट (जबडा जास्त दाबू न देणारी टोकाची खुंटी) अलगद फिरवलं, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "पाच शतांश." एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले पाच, म्हणजे ५० मायक्रॉन. पार्लरमध्ये माझ्या हाताखाली शिकणारी पोरगी तेव्हा घरीच आली होती. तिचा केस धरला तर आठ शतांश.

"तीनच शतांशाचा फरक की हो," मी म्हटलं.

"व्यासावर जाऊ नको, क्षेत्रफळ बघ." पाचाचा वर्ग पंचवीस, आठाचा चौसष्ट. आम्हा दोघींच्या डोक्यावर अगदी मोजून सारखे केस असले तरी तिच्या वेणीत माझ्या अडीचपट माल. आणि ताठपणा तर व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, शाफ्टचं तसंच असतं म्हणे. केस दहा टक्क्यांनी जाड झाला तर जवळजवळ दीडपट ताठ होतो. माझे केस न्हाल्यावर तासाभरात टाळूला का चिकटून बसतात ते मला त्या दिवशी कळलं. वेणीला उंदराची शेपटी म्हणवून घेत मी लहानाची मोठी झाले, पण दोष तेलाचा नव्हता, आईचा नव्हता, पाच शतांशाचा होता.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली आहे. त्यात केस चिकटवते, शेजारी तारीख आणि आकडा. खाली लिहिलंय ते ह्या वहीतून, चोवीस वर्षांच्या पार्लरमधून, आणि एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मला समजावलं त्यातून आलेलं आहे.

सोऱ्याची ताटली

दिवाळीला शेव पाडताना सोऱ्यात बारीक ताटली घातली की बारीक शेव पडते, मोठी घातली की जाड. पडलेल्या शेवेवर मग काहीही ओता, ती जाड होत नाही. केसाचं हुबेहूब असंच आहे. कातडीत केसाच्या मुळाची एक इवलीशी पिशवी असते, ती म्हणजे ताटली. पिशवी मोठी तर केस जाड, लहान तर बारीक. पिशवीतून बाहेर आला की केस नखासारखा मेलेला. त्याला रक्त नाही, शीर नाही, त्यामुळे तो काही खात नाही. "केसांना पोषण" असं बाटलीवर छापतात तेव्हा मेलेल्याच्या तोंडात तूप घालावं तसं ते असतं.

म्हणून पहिलं उत्तर सरळ देते. आत्ता तुमच्या डोक्यावर जो केस लोंबतोय, तो जाड होणार नाही. त्याच पिशवीतून पुढे येणारा केस जाड येऊ शकतो का, हा खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे: तुमचे केस जन्मापासून बारीक आहेत, की मागाहून बारीक झाले?

जन्मापासून बारीक असतील तर ताटलीच बारीक मिळालेली आहे. ती बदलणारं तेल, गोळी, लेप मी चोवीस वर्षांत पाहिला नाही. मागाहून झाले असतील तर मात्र ताटली आकसली आहे, आणि आकसलेली ताटली पुष्कळदा परत पूर्ववत करता येते, निदान काही अंशी. बायका ह्या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि चुकीच्या दुकानात जातात.

कसं ओळखायचं

मायक्रोमीटर सगळ्यांच्या घरी नसतो. शिवणाचा साधा काळा दोरा आणि पांढरा कागद पुरे. गळलेला केस दोऱ्याशेजारी ठेवा, मग अंगठा आणि तर्जनी यांच्यात घेऊन फिरवा. बोटांना काहीच जाणवलं नाही तर केस बारीक. जाणवला तर मध्यम. दोऱ्यासारखा खरखरला तर जाड. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा असतो, ६० च्या आत आला की आम्ही बारीक म्हणतो.

आता महत्त्वाची परीक्षा. न्हाण्याच्या दिवशी फणीला आणि मोरीच्या जाळीवर आलेले केस गोळा करा, वाळवा, कागदावर एकेक सरळ मांडा. वीसेक तरी हवेत. सगळे सारखेच बारीक असतील तर ती तुमची जात आहे, सोडून द्या. पण काही जाड, काही मध्यम, आणि काही अगदी बाळाच्या जावळासारखे मऊ, आखूड, टोकाला निमुळते असे मिसळलेले दिसले, तर काही पिशव्या आकसायला लागल्यात. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, ते ओळखता येतं. निमुळतं टोक म्हणजे त्या केसाला कात्री लागण्याइतका तो वाढलेलाच नाही.

भांग बघा. पाच-सात वर्षांपूर्वीच्या लग्नातला, वरून काढलेला एखादा फोटो शोधा (फोटोग्राफर मंगळसूत्राचा फोटो काढताना हमखास भांग येतो). तेव्हाची रेघ आणि आत्ताची रेघ. रेघ तेव्हापेक्षा रुंद झाली असेल तर ती केस बारीक होण्याची सगळ्यात बोलकी खूण आहे. पुरुषांचं कपाळ मागे सरकतं, टाळूवर चकती पडते. बायकांचं बहुधा तसं होत नाही, पुढची कड शाबूत राहते आणि भांग पसरतो. त्यामुळे घरात कोणाच्या लक्षात येत नाही, आपल्यालाच टॉवेल गुंडाळताना कळतं.

तिसरं, वेणीच्या मुळाशी दोरा गुंडाळून पट्टीवर मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. सहा महिन्यांनी परत. आरशावर विश्वास ठेवू नका, आरसा रोज वेगळं सांगतो.

माझी फसगत

धाकटीच्या बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात माझे केस मुठीमुठीने गळले. दारावर एक बाई तेल विकायला आल्या. बाटली महाग होती, पण मी घेतली. सहा-आठ महिन्यांत केस परत आले. मी इतकी खूश, की तेच तेल वर्षभर पार्लरमध्ये गिऱ्हाइकांना विकलं. "माझ्यावर गुण आलाय" हे वाक्य शंभरदा बोलले असेन.

पुढे त्या डॉक्टर बाईंनी सांगितलं तेव्हा तोंड लपवावंसं वाटलं. बाळंतपण, डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट, ह्यांपैकी काही झालं की पुष्कळशा पिशव्या एकदम विश्रांतीला जातात. विश्रांती सुमारे तीन महिन्यांची, म्हणून केस आजारात न गळता दोन-तीन महिन्यांनी गळतात. मग त्याच पिशव्या परत कामाला लागतात. तेल लावा, नका लावू. मी फक्त योग्य वेळी बाटली विकत घेतली होती.

म्हणून अशा गळतीत कोणी आलं की मी आधी विचारते, "तीन महिन्यांमागं काय झालं हुतं?" बहुतेक वेळा उत्तर मिळतं. अशा वेळी नव्याने येणारे आखूड केस कपाळाशी उभे राहतात आणि बाई घाबरते, "केस तुटतायत ओ ताई!" तुटत नाहीत, उगवतायत. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, खांद्यापर्यंत यायला अडीच वर्षं लागतील, तेवढा धीर धरावा लागतो.

मागाहून बारीक झाले असतील तर

माझा भांग चव्वेचाळिसाव्या वर्षी पसरायला लागला. वहीतली त्या वर्षीची पानं बघितली तर दहा केसांत चार केस पाच शतांशाचे आणि सहा केस तीन शतांशाचे. मी ह्या वेळी बाटली घेतली नाही, रक्त तपासलं.

तपासायचं काय, ते डॉक्टर सांगतील, पण माझ्या गिऱ्हाइकांच्या फायलींत पुन्हा पुन्हा दिसतात ती नावं अशी: हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-ट्वेल्व्ह, डी जीवनसत्त्व. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओडीच्या दृष्टीने आणखी काही. ह्यात फेरिटिनकडे लक्ष ठेवा. ते शरीरातल्या लोहाचं गोदाम. हिमोग्लोबिन म्हणजे दुकानात मांडलेला माल. दुकान भरलेलं दिसतं आणि गोदामात खडखडाट असतो. माझं हिमोग्लोबिन बारा होतं, सगळे म्हणाले छान आहे. फेरिटिन निघालं नऊ.

आणि एक सांगून ठेवते. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या (हे एक बी जीवनसत्त्व) मोठ्या डोसाच्या गोळ्या खात असाल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना आणि लॅबवाल्यांना सांगा. त्याने थायरॉइडच्या काही तपासण्या चुकीच्या येतात. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१७ मध्ये तसा इशाराच दिला होता. बायोटिनची कमतरता असलेली माणसं फार थोडी. बाकीच्यांच्या केसात त्याने शतांशही भर पडत नाही, लघवीवाटे निघून जातं.

लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, जास्त झालेलं लोहही बाधतं. माझ्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या. मी माझ्या बाजूने दोन गोष्टी केल्या. अहळिवाचे लाडू, जे आमच्याकडे फक्त बाळंतिणीला देतात, ते थंडीत स्वतःसाठी केले. आणि जेवणाला लागून प्यायचा चहा दीड-दोन तास पुढे ढकलला, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू उलट मदत करतं. कोल्हापुरात तांबडा-पांढरा असल्यावर प्रथिनं कमी पडत नसतील असं वाटतं, पण वाटीत मटण किती पीस आणि बाईच्या वाटणीला किती, ते आपल्याला ठाऊक आहे. रोजच्या ताटात मटकी, हुलगे, अंडं, दही यांपैकी दोन तरी हवेत.

औषधात ज्याचा खरोखर उपयोग दिसतो ते मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, म्हणून ते टाळूवर लावायचं झालं. अमेरिकेत पुरुषांसाठी त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली, बायकांसाठी काही वर्षांनी. आकसलेली पिशवी त्याने पुन्हा थोडी मोठी होते आणि पुढचा केस आधीपेक्षा जाड येतो. पण अटी आहेत. सुरुवातीच्या काही आठवड्यांत उलट जास्त गळतात, तिथे निम्म्या बायका बाटली फेकून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने. थांबवलं की काही महिन्यांत होतं तिथे. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल तर नाही. हृदयाचं, रक्तदाबाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. कपाळावर ओघळलं तर तिथे लव वाढते, म्हणून झोपायच्या बरंच आधी लावून वाळू द्यायचं. आणि घरात मांजर असेल तर फार जपा, मांजराला हे औषध चाटण्यातून गेलं तर जिवावर बेततं. आमचा बोका माझ्याच उशीवर झोपायचा, त्याला वेगळी खोली दिली.

दीड वर्षाने वहीत दहा केस पुन्हा चिकटवले. सात केस पाच शतांशाचे, दोन चारचे, एक तीनचा. भांग मिटला नाही पण अरुंद झाला. आणि नीट बघा, सहा शतांशाचा एकही नाही. गेलेलं परत आलं. माझ्या हाताखालच्या पोरीचे केस मला आले नाहीत.

जन्माचेच बारीक असतील तर

इथे केस जाड करायचे नाहीत, जाड दाखवायचे. ह्यात लबाडी काही नाही, साडीच्या निऱ्याही आपण आकार यावा म्हणूनच घालतो.

कात्रीने जेवढं होतं तेवढं कशाने होत नाही. बारीक केस कमरेपर्यंत वाढवायचा हट्ट सोडा. खाली जाता जाता निम्मे तुटलेले असतात, म्हणून शेपटी निमुळती दिसते. खांद्याच्या आसपास, खालची कड सरळ एका रेषेत कापून घ्या. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "लेयर्स करा, फुगीर दिसतील." जाड केसांना दिसतात. बारीक केसांत पायऱ्या पाडल्या की खालच्या पायरीला तीन-चार केसच उरतात. लेयर्स हवेच असतील तर लांब आणि एक-दोनच. पातळ करायची दातेरी कात्री कोणी हातात घेतली तर खुर्चीतून उठा.

भांग एकाच जागी वर्षानुवर्षं पाडू नका. केस त्या बाजूला पडून राहतात. उलट्या बाजूला पाडला की मुळाशी आपोआप उभारी येते. थोडा नागमोडी पाडला तर टाळूची रेघही दिसत नाही.

न्हाण्याचं बघा. बारीक केस तेलाने लगेच जड होतात, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा सौम्य शाम्पू चालतो. 'रोज धुतल्याने केस गळतात' हे खरं नाही, गळायचे ते आधीच सुटलेले असतात. दिवसाला ५० ते १०० केस जाणं रीतीचंच आहे. कंडिशनर फक्त खालच्या अर्ध्या भागाला, टाळूला नाही. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचा एक तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या. ओला केस पाण्याने दहा-पंधरा टक्के फुगतो आणि त्याच वेळी सगळ्यात कच्चा असतो. त्यामुळे ओल्यात बारीक दातांची फणी घालू नका आणि ओल्याचा अंबाडा घट्ट बांधू नका. वाळवताना डोकं खाली घालून वाळवा, मुळं वर उभी राहतात.

तेलाबद्दल मी आता तेलविरोधी झाले असं समजू नका. खोबरेल धुण्याआधी लावलं तर केसाच्या आत थोडं शिरतं आणि धुताना प्रथिन कमी झिजतं. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये हे दाखवलं, आणि सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने तसं होत नाही हेही. म्हणजे खोबरेल जाडी वाढवत नाही, आहे ती राखतं. तास-दोन तास आधी, फक्त लांबीला, चमचाभर. रात्रभर थापून ठेवायची गरज नाही.

मेंदी हा जुना आणि खरा उपाय. तिचा रंग केसाच्या प्रथिनाला धरून बसतो, वरून एक थर चढतो, हाताला केस भरीव लागतो. पण दर पंधरवड्याला लावली तर केस कोरडा, ताठ आणि ठिसूळ होतो. दीड-दोन महिन्यांतून एकदा, भिजवताना थोडं दही घालून. 'काळी मेंदी' म्हणून पाकिटात मिळते तिच्यात बऱ्याचदा रासायनिक रंग असतो, त्याने डोळे सुजून आलेल्या बायका मी पाहिल्यात. कानामागे ठिपका लावून दोन दिवस थांबल्याशिवाय डोक्याला लावू नका.

हे सोडून द्या

टक्कल केल्याने केस दाट येतात, हे आपल्याकडे जावळापासून मनात बसलंय. बाळाचं जावळ जाऊन मागाहून जाड केस येतात ते वयाने, वस्तऱ्याने नाही. पिशवी खाली आहे, वस्तरा वर फिरतो. दाढीवर मोजमाप करून हे १९२८ सालीच तपासलं गेलं, अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर ह्या बाईंनी. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून हाताला खुंट राठ लागतात, एवढंच. माझ्या भाचीचं जावळ दोनदा काढलं, केस आईसारखेच बारीक आले.

कांद्याचा रस चाई पडलेल्या, म्हणजे गोल चकत्यांत केस गेलेल्या, मोजक्या रुग्णांवर लावून पाहिला गेला होता. चाई हा वेगळा आजार आहे, बारीक केसाशी त्याचा संबंध नाही. वास मात्र तीन दिवस जात नाही. तांदळाच्या पाण्याने केस गुळगुळीत लागतात, जाड होत नाहीत.

आणि लग्नकार्यात शेपटा हवाच असेल तर सरळ गंगावन लावा. आपल्या आज्या लावत होत्या, कोणी लाजत नव्हतं. फक्त ते वजन दिवसभर बारीक केसाच्या मुळावर लटकवू नका. घट्ट ओढ रोजची झाली की कानशिलावरचे केस कायमचे जातात. वरात आटोपली की आधी गंगावन सोडायचं, मग बांगड्या उतरवायच्या.

वही ठेवणार असाल तर गळलेलाच केस घ्या, मुळापासून दोन सेंटिमीटरवर मोजा, टोकाला मोजू नका, तिथे तो झिजलेला असतो. दहा केस, वर्षातून दोनदा. मायक्रोमीटर कुणा ओळखीच्या लेथवाल्याकडून मागून घ्या, आणि जबडा दाबून बंद करू नका, केस चेपतो आणि आकडा कमी येतो. रॅचेटनेच फिरवा. आमच्या ह्यांना हे तीनदा सांगावं लागलं नाही, मला लागलं.